दोघांचा छोटा ट्रेलर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आमच्या छोट्या कॅम्पर ट्रेलरबद्दल लिहिलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आम्ही दोघं नवरा-बायको गेली आठ वर्षं गाडीमागे ट्रेलर जोडून फिरतोय. पहिला ट्रेलर जुना घेतलेला, लाकडी सांगाड्याचा, तो तीन वर्षांत ओलीने गेला. आत्ताचा तेरा फुटी, फायबरग्लासचा, एका अ‍ॅक्सलचा, म्हणजे एकाच आडव्या दांड्यावर चाकांची एकच जोडी, सामान-पाणी भरून साधारण 800 किलो. सगळ्याच पत्रांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत, आणि जिथे आम्ही स्वतः चुकलोय तिथे ते तसंच लिहिलंय.

प्रश्न: ताई, आता आम्ही दोघंच आहोत. टिअरड्रॉप ट्रेलर बघून आलो, मला फार आवडला, पण हे म्हणतात ज्यात उभं राहता येत नाही त्यात काय मजा. काय करावं?

उत्तर: तुमचं दोघांचंही बरोबर आहे, खरंच. टिअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा ट्रेलर, आत नुसती गादी आणि मागचं झाकण वर उचललं की ओटा. 1930च्या दशकापासून अमेरिकेत हे बनतायत आणि मांडणी अजून तीच आहे कारण ती चालते, हलका असतो, बुटका असल्यामुळे वारा कमी अडवतो, छोटी गाडीही ओढते. पण स्वयंपाक बाहेर उभं राहून करायचा. आकाश मोकळं असेल तर त्यासारखं सुख नाही, आणि सलग दोन दिवस पाऊस लागला तर दोघांनी पाठ टेकून गादीवर बसायचं, कपडेही बसल्या बसल्या बदलायचे.

म्हणून माझं सांगणं एवढंच, बघायला गेलात की नुसतं आत डोकावून बाहेर येऊ नका. दोघं आत जा, दार लावून घ्या, दोघांनी एकाच वेळी जॅकेट घाला आणि काढा. मग एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने त्याला न उठवता बाहेर पडून दाखवायचं. वीस मिनिटं तिथेच काढा, विकणाऱ्याला काय वाटेल ते वाटू दे. गादीची लांबी कागदावर बघू नका, स्वतः मोजा, कारण कोपरे गोल असतात आणि उंच माणसाचे पाय नेमके त्या गोलाईतच अडकतात. गादी आडवी असेल तर भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं झालं की दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. आम्ही पहिल्या महिन्यात जागा बदलल्या, मला रात्री उठावं लागतं म्हणून मी बाहेरच्या बाजूला आले, आणि तेव्हापासून दोघांची झोप सुधारली.

शक्य असेल तर आधी दोन-तीन रात्री भाड्याने घेऊन बघा, आणि त्यात एक रात्र पावसाची मिळाली तर उत्तमच, तुमचा निर्णय त्या रात्रीच होऊन जाईल.

प्रश्न: ट्रेलर रिव्हर्स घेताना आमची दरवेळी भांडणं होतात. ती मागे उभी राहून हातवारे करते ते मला कळत नाहीत, मी ओरडतो, मग जेवेपर्यंत अबोला. तुमचं कसं जमतं?

उत्तर: पहिली दोन वर्षं आमचंही जमत नव्हतं. आता जमतं, आणि त्यात हुशारीचा भाग कमी, ठरवून घेतलेल्या गोष्टींचा जास्त आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, छोटा ट्रेलर रिव्हर्सला मोठ्यापेक्षा अवघड असतो. लोकांना उलटं वाटतं. हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलपासून ट्रेलरच्या चाकापर्यंतचं अंतर जितकं कमी तितका तो पटकन वळतो, तुम्ही स्टिअरिंग थोडं जास्त फिरवलंत की बघता बघता गाडी आणि ट्रेलर कोनात दुमडतात. त्यात छोटा ट्रेलर सरळ असताना गाडीआड लपतो, आरशात दिसतच नाही, आणि दिसायला लागतो तोवर बराच वळलेला असतो. तेव्हा वेग माणूस चालतो त्याहून कमी, स्टिअरिंग जरा जरा फिरवायचं, आणि बिघडलं की मागेच रेटत बसायचं नाही, सरळ पुढे जाऊन पुन्हा सुरू करायचं. पुढे जाणं म्हणजे हरणं नव्हे, आम्ही अजूनही दोन-तीनदा पुढे जातो.

हात स्टिअरिंगच्या सगळ्यात खालच्या टोकाला धरा, घड्याळात सहा वाजतात तिथे. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. वर धरलात तर सगळं उलटं आणि डोक्यात गोंधळ. एवढ्या एका गोष्टीने नवऱ्याचं निम्मं टेन्शन गेलं.

आता भांडणाचं. डावीकडे-उजवीकडे हे शब्द आम्ही बंद केले, कारण समोरासमोर उभं राहिलं की माझं डावं ते त्याचं उजवं. आता आम्ही म्हणतो "ड्रायव्हरकडे" किंवा "दाराकडे", म्हणजे ट्रेलरच्या दाराच्या बाजूला, यात चूक व्हायला जागाच नाही. लांबून ओरडण्याऐवजी फोन लावून स्पीकरवर ठेवतो, आवाज आपोआप खाली येतो. मागे उभ्या असलेल्या माणसाने "थांब" म्हटलं की ब्रेक, का ते नंतर विचारायचं. आणि आरशात माणूस दिसेनासा झाला की न सांगता थांबायचं, तो कुठे गेलाय हे कळेपर्यंत गाडी हलवायची नाही. हे शेवटचं मी फार गंभीरपणे सांगतेय, मागे माणूस आहे आणि शेकडो किलोचं वजन त्याच्याकडे सरकतंय.

एक दिवस रिकाम्या मैदानात जा, दोन बादल्या ठेवा आणि त्यांच्यामधून ट्रेलर घालायचा सराव करा, दोघांनीही, आलटून पालटून. स्टिअरिंगवर बसल्यावर मला कळलं की मी जे हातवारे करत होते ते तिथून काहीच दिसत नाहीत. आणि मुक्कामी उजेड असतानाच पोचा, आमची बहुतेक भांडणं अंधारात, दमलेलं आणि भुकेलेलं असतानाच झालेली आहेत.

प्रश्न: ताशी 90च्या पुढे गेलो किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की आमचा ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मागच्या बंपरवर दोन सायकली लावल्यात, त्याने काही होतं का? डोलणं थांबवायचा बार मिळतो म्हणे, तो लावावा का?

उत्तर: त्या सायकली आधी तिथून काढा. ट्रेलर म्हणजे अ‍ॅक्सलवर ठेवलेला सी-सॉ समजा, मागच्या टोकाला 30 किलो लावलेत की पुढचं टोक वर उचललं जातं, म्हणजे हिचवरचा भार कमी होतो, आणि हिचवर भार कमी असणं हेच डोलण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. वर ते वजन अ‍ॅक्सलपासून लांब, त्यामुळे एकदा हललं की लंबकासारखं हलत राहतं.

हिचवर किती भार हवा? अमेरिकेकडे भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के म्हणतात, युरोपातले ट्रेलर वेगळे बांधलेले असतात आणि वेग कमी ठेवतात म्हणून तिथे 5 ते 7 टक्क्यांवर चालवतात. आमच्या 800 किलोला आम्ही 85च्या आसपास ठेवतो. पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात आणि हिचच्या पट्टीवर जी कमाल मर्यादा छापलीये ती ओलांडायची नाही, दोन्हींत जी कमी असेल ती खरी. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो, काट्यावर जाड फळी, फळीवर लाकडी ठोकळा असा की कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं ट्रेलरचं पुढचं टोक, बॉलच्या उंचीवर येईल, ट्रेलर सपाट जागी, चाकांना उट्या लावून, आणि पुढचं टोक हळूच ठोकळ्यावर उतरवायचं. मात्र सगळं सामान भरून मोजा, रिकाम्या ट्रेलरचा आकडा काही कामाचा नाही.

पाण्याचा विचार कुणी करत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, 80 लिटरची टाकी भरली की एक मोठा माणूस ट्रेलरमध्ये बसवल्यासारखं आहे, आणि टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तो माणूस मागे बसलाय. आमची टाकी मागेच आहे म्हणून आम्ही जेमतेम लागेल तेवढं पाणी घेऊन निघतो आणि मुक्कामाजवळ भरतो. जड डबे, अवजारं, बॅटरी सगळं खाली आणि अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे, वरच्या कप्प्यांत फक्त कपडे आणि पांघरुणं.

टायरही बघा. हवा कमी असेल तरी ट्रेलर डोलतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 असतील तर तो 2019च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेलर महिनोन् महिने उन्हात उभा असतो, टायर झिजत नाही पण वयाने म्हातारा होतो, वरून नवाकोरा दिसतो आणि आतून गेलेला असतो. आम्ही पाच-सहा वर्षांत बदलतो, नक्षी कितीही शाबूत असली तरी. आणि दर थांब्यावर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची पाठ नेऊन बघते मी, दोन्ही बाजू सारख्या कोमट असायला हव्यात, एक बाजू चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक काहीतरी सांगतोय.

चालू गाडीत डोलायला लागलाच तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, बस. उलट-सुलट स्टिअरिंग मारून सावरायला जाऊ नका, वेग वाढवू नका, गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचा ब्रेक हळू लावा, तो मागून ताणून धरतो आणि सरळ होतो. बार चांगली वस्तू आहे, पण वजनाची मांडणी नीट केल्यावर लावायची, चुकीची मांडणी झाकायला नाही.

प्रश्न: जुना ट्रेलर घेतला, दिसायला छान. पण सकाळी गादी उचलली तर खालून ओली. गळतोय का? आम्ही फसलो का?

उत्तर: घाबरू नका, आधी ओल कुठली ते शोधू. दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

दोन माणसं एवढ्याशा खोलीत रात्रभर श्वास सोडतात, त्या श्वासातली वाफ जिथे थंड जागा मिळेल तिथे पाणी होऊन बसते. खिडकीवर दिसते ती पुसता येते, पण गादीखालचं प्लायवूड बाहेरच्या हवेने थंड आणि वरून तुमच्या अंगाची ऊब, मग गादीच्या पोटाला पाणी. पाऊस नसतानाही ओल असेल, आणि तुम्ही झोपता त्याच आकाराची असेल, तर ही ती. उपाय सोपा आहे, गादी आणि फळीच्यामध्ये हवा खेळली पाहिजे, लाकडी पट्ट्या टाका किंवा गादीखाली घालायची जाळी मिळते ती घाला. छताचा झरोका दोन बोटं उघडा आणि खालची एक खिडकी किलकिली, थंडी असली तरी. सगळं गच्च बंद करून झोपलं की ऊब राहते असं वाटतं पण ओल्या हवेत जास्त गारठतं. सकाळी उठल्यावर गादी उभी करायची, ही आमच्याकडे रोजची पहिली गोष्ट. आणि ऊब येण्यासाठी शेगडी पेटवून ठेवायची नाही, कधीच नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ होते म्हणून ओल वाढते हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. त्याचा अलार्म बसवा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो खाली जमिनीजवळ, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो.

दुसरी ओल गळतीची. ती पावसानंतर येते आणि एका कोपऱ्यात येते. आमच्या पहिल्या ट्रेलरची गोष्ट सांगते. समोरच्या खिडकीच्या वर एक कपाट होतं, त्यात नेहमी बंद खोलीसारखा वास यायचा, मला वाटायचं जुना आहे म्हणून येत असेल. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर सफाई करताना कपाटाच्या आतल्या कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी. वरचा कागद मात्र अगदी गुळगुळीत, फुलांची नक्षीसुद्धा जशीच्या तशी. कागद सोलला तर आतलं लाकूड काळं पडून बोटांनी चुरडत होतं, आणि मूळ शोधत गेलो तर छताच्या पट्टीतला एक स्क्रू, त्याच्या भोकातून थेंब थेंब पाणी कित्येक वर्षं झिरपत होतं. आधीच्या मालकाने वरून सिलिकॉन फासलं होतं. सिलिकॉनवर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही, ते पूर्ण खरवडून काढावं लागतं. खरं काम म्हणजे पट्टी काढायची, खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, नवी घालायची आणि मग पुन्हा कसायचं. आमचं तेवढ्यावर भागणार नव्हतं, सांगाडाच गेला होता. मी त्या दिवशी रडले, पहिला ट्रेलर होता तो आमचा.

तर तुम्ही आज हे करा, सगळ्या कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांवर, खिडक्यांखाली, छताच्या कडेला अंगठा दाबत फिरा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, कोरडं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर, म्हणजे नेमकं कुठून येतंय ते कळेल. प्रेशरचा पाइप मारू नका, तो चांगल्या फटीतूनही पाणी घुसवतो. कोपरे टणक असतील तर तुम्ही अजिबात फसलेले नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही फायबरग्लासचा घेतला तो याच कारणाने. कॅनडात विनिपेगच्या रे ओलेको यांनी 1968 मध्ये बोलर नावाचा अंड्यासारखा ट्रेलर काढला, वरचा आणि खालचा असे दोन साचे मधोमध जोडलेले. छताला सांधाच नाही, मग छताच्या सांध्यातून पाणी कुठून येणार? त्या पद्धतीचे ट्रेलर पुढे अनेकांनी काढले. झरोका आणि खिडक्यांची रबरं मात्र त्यालाही बघावी लागतात, आम्ही वर्षातून दोनदा बघतो.

प्रश्न: 100 अँपिअर-अवरची बॅटरी आहे तरी पाण्याची इलेक्ट्रिक किटली दोनदा लावली की सगळं बंद पडतं. बॅटरी खराब आहे का?

उत्तर: बहुधा नाही. 12 व्होल्ट गुणिले 100 म्हणजे 1200 वॅट-अवर, आणि बॅटरी जुन्या पद्धतीची लेडची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, त्याखाली नेलं की आयुष्य घटतं. 1500 वॅटची किटली इन्व्हर्टरवरून 125 अँपिअरच्या वर खेचते, एवढा भार आला की लेडच्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि इन्व्हर्टर बंद होतो. पाणी गॅसवर तापवा, विजेवर दिवे, पंखा, फोन आणि छोटा फ्रिज ठेवा. लिथियम घेतलीत तर जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजनही निम्म्याहून कमी, फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. थंडीवरून आठवलं, ब्यूटेनचा सिलिंडर शून्याच्या आसपास गॅस सोडेनासा होतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत उकळतो, थंडीत जाणार असाल तर प्रोपेनच.

प्रश्न: विचारायला संकोच वाटतो, पण एवढ्याशा जागेत टॉयलेटचं काय?

उत्तर: संकोच करू नका, सगळ्यांच्या मनात हाच प्रश्न असतो. आमच्याकडे वीसेक लिटरच्या टाकीचं सुटं टॉयलेट आहे, दोघांना तीन दिवस जातं, मुख्यतः रात्री वापरतो. रिकामं करायचं ते नेमून दिलेल्या जागीच, झुडपात किंवा ओढ्यात नाही, यात तडजोड नको. वापराच्या वेळी दुसऱ्याने बाहेर एक फेरी मारून यायची, पाऊस असेल तर पाठ करून बसायचं. आठवडाभरात संकोच जातो, आमचा गेला.

प्रश्न: ट्रेलरचं सगळं नवरा बघतो, मी आतलं बघते. जोडणं-सोडणं मलाही शिकावं लागेल का? मला त्या लोखंडी कामाची भीती वाटते.

उत्तर: हो, शिका. मी शिकले नव्हते म्हणून सांगते.

दुसऱ्या वर्षी एका मुक्कामावर सकाळी नवऱ्याची कंबर धरली, इतकी की त्याला पायरी उतरता येईना. डॉक्टर गाठायचा तर ट्रेलर जोडून मलाच निघायला हवं होतं. दोन वर्षं मी त्याला जोडताना बघितलं होतं, म्हणजे शेजारी उभी होते. मी गाडी मागे घेतली, जॅक फिरवून कपलर बॉलवर उतरवला, कुलपाची कडी खाली दाबली, ती दबली, साखळ्या लावल्या, वायर जोडली. दिवे लागले. मला फार बरं वाटलं. दोन किलोमीटरवर रस्त्याला खड्डा आला आणि मागून असा दणका बसला की आजही आठवतो. कपलर बॉलच्या वर नुसता टेकला होता, आत बसलाच नव्हता, कडी दबली ती रिकामीच. दोन्ही साखळ्या खालून फुलीसारख्या आडव्या लावल्या होत्या, त्यांच्या झोळीत ट्रेलरचा पुढचा दांडा अडकला, नाहीतर तो रस्त्यात रुतला असता. नवरा मागच्या सीटवर आडवा होता.

आता दोघंही जोडतो, आलटून पालटून, आणि जो जोडत नाही तो शेवटी तपासतो. क्रम ठरलेला आहे आणि तो कपाटाच्या दाराच्या आत मी हाताने लिहून चिकटवलाय. सोडताना आधी पाणसळ लावून डावं-उजवं सपाट करायचं, मग दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या, उट्या लागल्याशिवाय कडी उघडायची नाही, मग जॅक, मग साखळ्या. कोपऱ्यांचे आधार सगळ्यात शेवटी, आणि ते फक्त हलू नये म्हणून, त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही. जोडताना याच्या उलट, उट्या अगदी शेवटी काढायच्या, आणि तुटल्यास ट्रेलरचा ब्रेक लावणारी बारीक तार साखळीला नाही तर गाडीलाच अडकवायची.

आणि कडी दाबली की लगेच जॅक पुन्हा उलटा फिरवायचा, पुढचं टोक वर उचलायचं. गाडीची मागची बाजू ट्रेलरबरोबर वर आली म्हणजे कपलर धरलाय. ट्रेलर एकटाच वर आला तर धरलेला नाही. याला दहा-बारा फेरे लागतात आणि ताकद अजिबात लागत नाही, तुम्हालाही जमेल.